फीचा हिशोब मुलांसमोर

सीईटीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सांगली जिल्ह्यातल्या बँकांच्या कर्ज विभागात एक वेगळी गर्दी दिसू लागते. वडील पुढे, मुलगा किंवा मुलगी मागे, आणि कागदांची पिशवी आईच्या हातात. मी राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात गेली आणि शैक्षणिक कर्जाचं टेबल मी मागून घेतलं होतं. समोर बसलेल्या वडिलांचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असायचं : "मॅडम, पोराला शिकवायचं हाय. तुम्ही म्हणाल तिथं सही करतो." मी विचारायची, चारही वर्षांचा मिळून खर्च किती येईल? वडील पहिल्या वर्षाची फी सांगायचे. मुलाकडे बघितलं तर तो आईकडे बघायचा. त्याला तेवढाही आकडा माहीत नसायचा.

मुलांच्या कॉलेजचा खर्च आईवडिलांनीच करावा का, असं आपल्याकडे कुणी उघडपणे विचारत नाही. विचारणारा माणूस कंजूष किंवा मायाहीन ठरतो. पण गेल्या काही वर्षांत माझ्या नात्यातल्या, ओळखीतल्या पन्नाशीच्या लोकांकडून हाच प्रश्न दबक्या आवाजात ऐकू येतो, आणि तो विचारण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. माझं उत्तर असं आहे : पहिल्या पदवीपर्यंतचा खर्च झेपेल तितका आईवडिलांनी उचलावा, म्हातारपणाची पुंजी आणि राहतं घर यांना मात्र हात लावू नये, आणि हे सगळं मुलाला समोर बसवून, आकडे सांगून ठरवावं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत कमी घरांत होते.

आज आपण गृहीत धरतो तसा हा सगळा भार पूर्वी एकट्या आईबापांवर नव्हता. पुण्यात शिकायला गेलेली गरीब घरची मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. म्हणजे त्यांच्या शिक्षणातला जेवणाचा वाटा शहरातली अनोळखी घरं उचलत होती. त्यातही जातीची मर्यादा होती. बहुजनांच्या मुलांना असे वार कोण लावणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, ते या प्रश्नाचं उत्तर होतं. गावोगावच्या बायका रोजच्या दळणातली मूठ बाजूला काढत. त्या मुष्टिफंडावर मुलं जेवली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक शाळेत सांगितलं जातं. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि तिथं 'कमवा आणि शिका' योजना रुजली.

माझे थोरले काका त्याच योजनेत शिकले. सकाळी शेतात काम, मग तास, संध्याकाळी पुन्हा काम. आजोबांनी त्यांच्या शिक्षणावर जवळजवळ काहीच खर्च केला नाही, कारण त्यांच्याकडे काही नव्हतंच. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ साली ईबीसी सवलत आली आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी सरकारनं माफ केली. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही भावंडं शिकलो तेव्हा फी हा त्यांच्या काळजीचा विषय नव्हता. खोलीभाडं, मेस आणि एसटीचा पास एवढंच त्यांना जुळवावं लागे.

चित्र बदललं ते १९८३ नंतर. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. महाराष्ट्रातली मुलं इंजिनिअर व्हायला कर्नाटकात जात होती, ती इथंच शिकू लागली, हे खरंच. त्या निर्णयाला नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर त्यामुळेच झाला. पण त्या दिवसापासून शिकवण्याचा पूर्ण खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघू लागला, आणि विद्यार्थ्याची फी म्हणजे त्याच्या बापाचा पगार, ऊस नाहीतर द्राक्षाची बाग. आज शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजनिहाय फी ठरवून देतं, त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. तरी खासगी इंजिनिअरिंगची वर्षाची फी लाखाच्या घरात किंवा त्याच्याही पुढे असते. हॉस्टेल आणि मेस वेगळी.

कायदा काय म्हणतो, हेही बँकेत लोक विचारायचे. बहुतेक वेळा नवरा-बायको वेगळे राहत असलेल्या घरातली आई विचारायची. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा आहे आणि त्यात निर्वाहाच्या व्याख्येतच शिक्षण येतं. मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी ढोबळमानानं सज्ञान होईपर्यंतची, तर स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलीच्या बाबतीत लग्नापर्यंतची. पण अठराव्या वर्षी कुणाचंच कॉलेज संपत नाही. २०२१ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वडिलांना मुलाची पहिली पदवी होईपर्यंत खर्च द्यायला लावला. जानेवारी २०२५ मध्ये तर त्याच न्यायालयानं म्हटलं की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायद्यानं बजावता येणारा हक्क आहे. अर्थात पालकांच्या ऐपतीच्या मर्यादेत. पहिली पदवी आणि ऐपत, या दोन गोष्टी न्यायालयांनाही महत्त्वाच्या वाटल्या, याचं मला समाधान वाटतं. टेबलावर बसून माझं मतही त्याच दिशेनं घट्ट होत गेलं होतं.

"स्वतः कमावून शिकला की मुलाला किंमत कळते," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या काकांचं उदाहरण मलाच ऐकवतात. पण काकांचं काम कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्या वेळापत्रकात बसवलेलं होतं आणि त्या कामावर फी आणि जेवण दोन्ही भागत होतं. आज पुण्यात रात्री एक-दोन वाजेपर्यंत जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलाच्या कमाईत खोलीचं भाडं निघालं तरी पुष्कळ. असा एक मुलगा माझ्या कर्जदारांत होता. मिरज तालुक्यातला, हुशार, दहावीला शाळेत पहिला. वडिलांना त्रास नको म्हणून त्यानं फीपुरतंच कर्ज घेतलं आणि राहण्या-जेवणाचं मी बघतो म्हणाला. दुसऱ्या वर्षी गणिताचा पेपर राहिला, मग आणखी दोन विषय, मग ईयर डाऊन. एक वर्ष वाढलं म्हणजे एका वर्षाचा पगार गेला आणि कर्जावर एका वर्षाचं व्याज चढलं. त्यानं दुचाकीवर मिळवलेले सगळे पैसे त्या एका वर्षानं गिळले. सुट्टीत काम करावं, शेवटच्या वर्षी पगारी इंटर्नशिप करावी, विद्यापीठाच्या कमवा-शिका योजनेत तास भरावेत. हे सगळं चांगलंच. पण अभ्यासाचे तास विकून फी भरणं हा मुलासाठी तोट्याचा सौदा आहे, आणि ज्यांना झेपतं त्या आईवडिलांनी त्याला तो करायला लावू नये.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला जास्त कळवळून सांगावंसं वाटतं, कारण तिथली पडझड मी जवळून बघितली आहे.

माझ्या वडिलांना पेन्शन होती. त्यांनी आमच्यावर हातचं सगळं खर्च केलं असतं तरी निवृत्तीनंतर महिन्याच्या महिन्याला पैसे येणार होते. आज कॉलेजच्या वयाची मुलं असलेल्या पालकांचं तसं नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. मार्च २०२३ चा कर्मचाऱ्यांचा मोठा संप त्याच मागणीसाठी होता. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कामगाराचं तर आणखी अवघड. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन मोजताना पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला, तर पस्तीस वर्षं नोकरी करूनही पेन्शन बसते महिना ७,५०० रुपये. म्हणजे या माणसाचं म्हातारपण त्याच्या भविष्य निर्वाह निधीवर उभं आहे. आणि मुलाच्या प्रवेशाच्या वेळी हात जातो तो नेमका तिथंच, कारण उच्च शिक्षणासाठी त्यातून पैसे काढायला परवानगी आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी काढलेले ३ लाख रुपये, ८ टक्के व्याज धरलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे ७ लाख झाले असते. शिक्षणासाठी कर्ज मिळतं. म्हातारपणासाठी कर्ज इतक्या सहज मिळत नाही. उलट २००७ च्या कायद्यानं म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. निर्वाह निधी रिकामा करून आपण मुलाला फी देत नाही, त्याच्या चाळिशीत त्याच्यावर आपला खर्च ठेवून जातो.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आठवतात. मुलाला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घ्यायचा होता आणि आमच्या बँकेतून मिळणारी रक्कम पुरत नव्हती. त्यांनी उरलेल्या पैशासाठी एका पतसंस्थेकडे जमीन गहाण टाकली. मुलाला सांगितलं नाही, "त्याचं अभ्यासात मन लागंना म्हणून." मुलगा पास झाला, नोकरीला लागला, आणि एक दिवस कशासाठी तरी त्यानं ऑनलाइन सातबारा काढला. इतर अधिकाराच्या रकान्यात बोजा दिसला. तो माझ्याकडे आला होता, वडिलांवर चिडून. मला वाटलं होतं पैशावरून चिडला असेल. तो म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी कोट्यातून गेलोच नसतो. कराडच्या सरकारी कॉलेजला मला दुसरी शाखा मिळत होती, मॅडम." त्याचं म्हणणं खरं होतं. निर्णय त्याच्या आयुष्याचा होता आणि त्यातली सर्वांत मोठी माहिती त्याच्यापासून लपवली गेली होती.

म्हणून आधी कर्जाचं गणित नीट समजून घ्यावं. आणि ते मुलानंच कागदावर मांडावं. शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर असतं, आई किंवा वडील सहकर्जदार. बँकांच्या ठरलेल्या योजनेत साधारण ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि पात्र कर्जांना साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमीचा आधार असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या काळात ३ टक्के व्याजसवलतही आहे. हप्ते साधारण अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात. इथंच लोकांची फसगत होते. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलं नसतं.

समजा दरवर्षी २ लाख असं चार वर्षांत ८ लाखांचं कर्ज उचललं, व्याज १० टक्के. पहिल्या वर्षीचे २ लाख पाच वर्षं व्याज खातात, दुसऱ्या वर्षीचे चार वर्षं, तिसऱ्याचे तीन, चौथ्याचे दोन. सरळ व्याजानं मिळून २ लाख ८० हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना मुलाच्या डोक्यावर ८ नव्हे, १० लाख ८० हजार असतात. दहा वर्षांच्या फेडीला महिना सुमारे १४,३०० रुपये. सुरुवातीला पंचवीस हजारांच्या नोकरीवर पुण्यात राहणाऱ्या मुलासाठी हे फार आहे. तो हप्ते चुकवतो, आणि मग त्याच्यासोबत वडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो, कारण कागदावर कर्जदार दोघे आहेत.

आता हेच व्याज शिकत असतानाच भरत गेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७ रुपये पडतात, दुसऱ्या वर्षी ३,३३३, तिसऱ्या वर्षी ५,०००, पुढे ६,६६७. मुलगा नोकरीला लागतो तेव्हा कर्ज ८ लाखच असतं आणि हप्ता साधारण १०,६०० वर येतो. एकूण फेड दीड लाखाहून जास्त वाचते. शिवाय असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात, ती वेगळी. माझ्या सगळ्या नोकरीत मी पालकांना एवढा एक सल्ला अगदी आग्रहानं दिला : फी एकरकमी भरायची ऐपत नसेल तर खंत करू नका, निर्वाह निधी मोडू नका, व्याज तुम्ही भरा आणि मुद्दल मुलाला भरू द्या. शेतमजुरी करणाऱ्या घरांनीसुद्धा पहिल्या दोन वर्षांचं व्याज भरलेलं मी पाहिलंय. जुन्या करप्रणालीत असाल तर या व्याजावर ८० ई कलमाखाली आठ वर्षं वजावटही मिळते. बचतगटाच्या हप्त्याबरोबर शैक्षणिक कर्जाचं व्याज घेऊन येणाऱ्या एक बाई होत्या. दर महिन्याला पावती मुलाला मोबाईलवर पाठवायच्या. मुलाला काही सुनावायला नव्हे, त्यानंच मागितली होती.

मुलींबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं, कारण टेबलासमोर फरक स्पष्ट दिसायचा. मुलासाठी जमीन, सोनं, भावकीतला जामीनदार, सगळं निघायचं. मुलीसाठी आले की सूर बदलायचा. "हिच्या नावावर कर्ज कशाला, उद्या लग्नात अडचण." हे वाक्य मी शिकलेल्या घरांतूनही ऐकलं आहे. एकदा एका गृहस्थांना मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायची होती, ती धाकट्या मुलाच्या डोनेशनसाठी. त्याच मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत असताना फी परवडत नाही म्हणून साधं बी.ए. करायला लावलं होतं. नियमाप्रमाणे ठेव त्यांची होती, मोडून देणं माझं काम होतं, ते मी केलं. पण त्यांच्या बायकोला मी बाजूला घेऊन सांगितलं की वहिनी, लग्नाला ठेवलेले पैसे फीला वापरता येत होते, आणि अजूनही येतील. पुढच्या वर्षी त्या मुलीला घेऊन आल्या.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं एक मोठी गोष्ट झाली आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी आता पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी फी मिळते, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अर्ज महाडीबीटीवर. पण 'मोफत शिक्षण' ऐकून आलेल्या घरांना हॉस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप यांचा खर्च कळतो तेव्हा पुन्हा मुलीचंच नाव मागे पडतं. फी माफ झाली म्हणून मुलीवरची तरतूद शून्य करू नका, ती या बाकीच्या खर्चाला लावा, एवढंच माझं मागणं आहे. परगावी, सुरक्षित ठिकाणी राहून शिकता येणं हाच पुष्कळ मुलींच्या बाबतीत खरा खर्च असतो.

पदव्युत्तर शिक्षण आणि परदेश यांचं मी वेगळं धरते. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी माणूस सज्ञान असतो, पदवी हातात असते, आणि जर्मनीला जायचं की पुण्यात नोकरी करायची हा निर्णय त्याचा असतो. तिथं आईवडिलांनी जामीन राहावं, तिकिटाचे पैसे द्यावेत, जमलं तर व्याजाला हातभार लावावा. राहतं घर तारण ठेवू नये. परदेशातल्या नोकरीवर आणि व्हिसावर आपला काही ताबा नसतो, आणि सांगलीतल्या घराची जप्ती तिथून थांबवता येत नाही.

आमच्या घरी लेक दहावीला असताना मी आणि यांनी दोघा मुलांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि आमच्या दोघांच्या पगाराच्या पावत्या समोर ठेवल्या. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, विमा, निर्वाह निधी, सगळं वहीत लिहिलं. उरलेल्या रकमेचे दोन सारखे भाग केले आणि सांगितलं, पहिल्या पदवीसाठी तुम्हा दोघांना प्रत्येकी एवढे मिळतील. कमी लागले तर उरलेले तुमचे, पुढच्या शिक्षणाला वापरा, जास्त लागले तर कर्ज तुमच्या नावावर. यांना सुरुवातीला हे पटत नव्हतं. "एवढ्या लहान वयात पोरांच्या डोक्यावर पैशाचं ओझं कशाला," असं त्यांचं म्हणणं, आणि हीच हरकत मला नंतर अनेक पालकांनी घेतली. ती मी हलक्यानं घेत नाही. आपल्यामुळे घर अडचणीत आलं, या भावनेनं खचलेली मुलं मी पाहिली आहेत. पण ती बहुतेक अशा घरांतली होती जिथं काहीच सांगितलेलं नव्हतं आणि मुलं आईच्या हातातल्या पाटल्या कधी गेल्या, यावरून अंदाज बांधत होती. अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असतो. वहीतल्या आकड्याला निदान शेवट असतो. तो बघून मूल विचार करू शकतं, भांडू शकतं, दुसरं कॉलेज सुचवू शकतं. आमची लेक त्या संध्याकाळी अर्धा तास भांडली. तिला मुंबईचं कॉलेज हवं होतं, आणि तिथल्या हॉस्टेलचा खर्च आम्ही उगाच जास्त धरलाय असं तिचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून दर विचारले, वहीत आमचा आकडा खोडला आणि आपला लिहिला.